पाहून आल्यानंतरचा निर्णय

(अंबाजोगाई येथे ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि मुलाबाळांसह आलेल्या पालक मंडळी,

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच एनडीए, पाहून आल्यावर तिथे जायचे की नाही हे कसे ठरवावे, असा विषय पत्रिकेवर छापला आहे. तो मीच सुचवला, कारण आपल्या भागात या प्रश्नाचा विचारच होत नाही असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. मुलगा एनडीए पाहून आला की त्याने जायचे ठरवले असे घर गृहीत धरते, आणि उरलेली चर्चा केवळ शिकवणी कोणती लावायची एवढ्यापुरती राहते.

याला कारणेही आहेत. आपले हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. पुढे सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात आले आणि 17 तारखेला आपण मोकळे झालो. ज्या आजी-आजोबांनी रझाकारांचे दिवस भोगले, त्यांच्या लेखी लष्कराचा गणवेश म्हणजे सुटकेची खूण होती, आणि ती श्रद्धा नातवंडांपर्यंत आली आहे. मला ती श्रद्धा मोलाची वाटते. मात्र तिचा आधार घेऊन रस्त्यारस्त्यावर ज्या ‘अकॅडमी’च्या पाट्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्याविषयी मला तितकेच स्पष्ट बोलायचे आहे. तिथे अग्निवीर भरती, पोलीस भरती आणि एनडीए ही तिन्ही नावे एका ओळीत लिहिलेली असतात. अग्निवीराची मुदत चार वर्षांची असते. एनडीएचा छात्र तीन वर्षे खडकवासल्याला आणि साधारण एक वर्ष भूदल, नौदल किंवा हवाई दलाच्या अनुक्रमे डेहराडून, एळिमला किंवा दुंडिगल येथील अकादमीत काढतो, मग अधिकारी होतो, आणि निवृत्तिवेतन हवे असेल तर किमान वीस वर्षे सेवा करतो. या दोन वाटांमधला फरक ज्या पालकाला कोणी सांगितलेला नाही, तो पालक कशाला होकार देत असतो?

आता भेटीविषयी. खडकवासल्याचा परिसर सात हजार एकरांहून मोठा आहे, समोर धरणाचे पाणी आणि मागे सिंहगड आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाच्या स्मरणार्थ सुदानने जी देणगी दिली, तिच्यातून उभा राहिलेला सुदान ब्लॉक, म्हणजे प्रबोधिनीची मुख्य इमारत, पाहिला की मोठ्या माणसाचीही छाती भरून येते; मग अकरावीतल्या मुलाचे काय होत असेल? तो भारावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु भारावलेल्या मनाने परतीच्या बसमध्ये घेतलेला निर्णय ही माझी चिंता आहे.

या ठिकाणी मला एक हकीकत जरा विस्ताराने सांगू द्या. आमच्या शाळेतील मुलांना पूर्वपरवानगी काढून आम्ही खडकवासल्याला नेले होते. त्यांत मांजरेकाठच्या एका गावचे दोन चुलत भाऊ होते. एका शिकवणीचे चालकही सोबत आले होते. तो रविवार असल्यामुळे दुसऱ्या सहामाहीत असलेला आमचाच एक माजी विद्यार्थी परवानगी घेऊन आम्हांला भेटायला आला. मुलांनी त्याच्यासाठी घरून शेंगदाण्याचे लाडू आणले होते. तो बोलत होता, हसत होता, आणि लाडू हातात असतानाच बसल्या जागी त्याचा डोळा लागला. सगळी मुले हसली. दोन भावांपैकी धाकटा मात्र हसला नाही. छात्र जागा झाल्यावर त्याने विचारले, “दादा, इथून वापस यावं असं तुला कधी वाटलं का?” शिकवणीच्या चालकांनी लगेच विषय बदलण्याचा प्रयत्न केला, पण छात्राने त्यांना थांबवले. तो म्हणाला, “पहिल्या सहामाहीत रोज वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते मला सांगता यायचं नाही.”

त्या दिवशी आम्ही जे जे पाहिले त्यांत इतके खरे दुसरे काहीच नव्हते, असे मी मानतो. गावी परतल्यावर तो धाकटा भाऊ माझ्याकडे आला आणि त्याने दुसरा प्रश्न विचारला, “सर, तिथून वापस येता येतंय का?” आम्ही नियम काढून वाचले. प्रशिक्षणाचा खर्च शासन करते आणि खिशाचा खर्च पालकांनी द्यायचा असतो. पण मुलाने योग्य कारणाशिवाय प्रशिक्षण सोडले किंवा अधिकारपद नाकारले, तर शासनाचा खर्च पूर्ण किंवा अंशतः परत करण्याची हमी पालकांनी लिहून द्यावी लागते. त्याने ते दोनदा वाचले, काही दिवस विचार केला आणि नाही म्हणून सांगितले. त्याचे कारण मला आजही शब्दशः आठवते. “पहाटे उठायचं, पळायचं, याचं मला काही नाही, सर. पण मी कुठं राहायचं, काय करायचं, हे वीस वर्षं दुसऱ्यानं ठरवायचं, ते मला जमायचं नाही.”

त्याचे वडील माझ्याकडे आले ते रागानेच. “सर, तुम्ही त्याला न्यायलाच नको होतं. न बघता पोरगं गेलं असतं बघा.” त्या वाक्यात आपली सगळी रीत आली आहे. पुढे मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने व्यासपीठावरून सांगितले की गावातली काही पोरे खडकवासला पाहून घाबरून आली. तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या मोठ्या भावाने लेखी परीक्षा दिली, तो भोपाळला एसएसबीपर्यंत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीपर्यंत, पोहोचला आणि पहिल्याच दिवशीच्या छाननीत परत आला. त्याचा त्याच कार्यक्रमात सत्कार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, नियम वाचले, स्वतःचा स्वभाव ओळखला आणि वडिलांच्या तोंडावर खरे सांगितले, त्याच्यासाठी एक नारळही कोणाला आणावासा वाटला नाही. आपला शेतकरी हाळीच्या बाजारात बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो आणि पटला नाही तर दावे सोडून देतो, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मुलाच्या आयुष्याबाबत एवढी मोकळीक आपण का देऊ नये?

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट ही अकादमी 1802 पासून चालू आहे. तिथे प्रवेश घेऊ इच्छिणारा विद्यार्थी एखाद्या छात्राबरोबर दिवसभर वर्गात, भोजनगृहात वावरू शकतो, आणि प्रवेशानंतरही तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी बाहेर पडला तर त्याच्यावर सेवेचे बंधन येत नाही. आपल्याकडे परतीची वाट इतकी सोपी नाही. म्हणून आपली भेटच अधिक डोळसपणे झाली पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि मूळ विषय अजून उरला आहे. त्यामुळे जे सविस्तर मांडणार होतो ते आता थोडक्यात मांडतो.

पहिली भेट दीक्षान्त संचलनाच्या दिवशी नको, साध्या दिवशी असावी. त्याआधी संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था पाहावी. राज्य शासनाने 1977 मध्ये सुरू केलेली ही संस्था अकरावी-बारावीच्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते, तिथला दिनक्रम आपल्या मुलांना जवळचा वाटतो आणि तिथे मराठीत मोकळेपणाने विचारता येते. मुलींसाठी आता नाशिकला अशी संस्था आहे. न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएची दारे मुलींना उघडली आणि मे 2025 मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा लेकींनाही बरोबर न्या.

अधिकाऱ्याशी बोलाच, पण पहिल्या वर्षाच्या छात्राशी अधिक बोला. इंग्रजीत शिकणे कितपत जड गेले, हे त्याला विचारा. पोहणे केव्हा आले तेही विचारा, कारण तिथे ते यावेच लागते आणि आपल्याकडे विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. दुखापत झाली तर काय होते, हा प्रश्न पालकांनी स्वतः विचारावा. प्रशिक्षणात अपंगत्व येऊन घरी पाठवलेल्या छात्रांना माजी सैनिकांचा दर्जा मिळत नाही. त्यांच्या स्थितीची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली, तोवर आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? हे ऐकूनही ज्या मुलाला जावेसे वाटते, त्याचा होकार मला पक्का वाटतो.

परत आल्यावर निदान महिनाभर घरात कोणी निकाल विचारू नये. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे आहे आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे घाईचे कारण नाही. त्या महिन्यात मुलाने आपल्या तालुक्यातील एखाद्या निवृत्त सैनिकाच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीशी बोलावे, कारण बदल्या, एकटीने काढलेली बाळंतपणे आणि मुलांच्या बदललेल्या शाळा यांविषयी त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. मग मुलाने आपले उत्तर कारणासह स्वतःच्या हाताने कागदावर लिहावे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच्या गणिताकडे आणि इंग्रजीकडे आम्ही शिक्षक लक्ष देऊ. ‘नाही’ असेल तर तो कागद घेऊन माझ्याकडे या. त्या मुलाच्या वडिलांशी बोलायला मी स्वतः येईन.