हप्त्यावर उभी राहिलेली सुबत्ता: महायुद्धानंतरची अमेरिका

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा अमेरिकेतल्या जल्लोषाखाली एक धास्ती दडलेली होती. १९३०च्या दशकातली महामंदी कोणी विसरले नव्हते. युद्धाची कंत्राटे बंद पडली आणि गणवेशातले १ कोटी २० लाखांच्या आसपास लोक काम मागत घरी परतले, तर बेकारी पुन्हा डोके वर काढेल, असे भाकीत अनेक अर्थतज्ज्ञांनी केले होते. हे भाकीत साफ चुकले. महागाईचा परिणाम वगळला, तरी १९४० ते १९६० या वीस वर्षांत देशाचे उत्पन्न दुपटीहून अधिक वाढले.

याची काही कारणे युद्धातच सापडतात. फेब्रुवारी १९४२ पासून कारखान्यांनी नागरिकांसाठी मोटारी बनवणे थांबवले होते, आणि साखर, मांस, पेट्रोल, टायर यांवर रेशनिंग होते. कामगारांच्या हाती पगार आणि ओव्हरटाइम येत होता, पण तो खर्च करायला वाव नव्हता. सुमारे साडेआठ कोटी अमेरिकनांनी सरकारचे युद्धरोखे घेतले होते. शांतता होताच ही साठलेली पुंजी बाजारात उतरली. शिवाय युरोप आणि जपानचे औद्योगिक पट्टे बेचिराख झालेले असताना अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे कारखाने शाबूत होते. युरोप पुन्हा उभा करण्यासाठीच्या अमेरिकी मदतीतून, म्हणजे मार्शल योजनेतून, १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपला गेलेल्या सुमारे १३ अब्ज डॉलरपैकी बराच पैसा अमेरिकी माल घेण्यातच खर्ची पडला.

एवढ्याने देश श्रीमंत का झाला हे कळते. मात्र ती श्रीमंती एखाद्या फिटरच्या किंवा ट्रकचालकाच्या घरात कशी पोहोचली, हे कळत नाही. त्याचे श्रेय बाजाराच्या गुणांना देण्याची प्रथा आहे. आमच्या मते त्यात सरकारचा हात बराच मोठा होता.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, माजी सैनिकांसाठीच्या एका कायद्यावर सही केली. ‘जीआय बिल’ या नावाने तो पुढे ओळखला गेला. परतलेल्या सैनिकाला शिक्षणाचा खर्च, नोकरी मिळेपर्यंत भत्ता आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज, अशा त्याच्या तरतुदी होत्या. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. १९४७ मध्ये महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते, आणि त्यांच्यातल्या संसारी विद्यार्थ्यांसाठी आवारात तात्पुरती घरे उभारावी लागली होती.

हमीच्या कर्जाने काय घडवले, हे पाहायला न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर जावे लागेल. तिथल्या बटाट्याच्या शेतांवर लेविट आणि त्यांच्या मुलांच्या कंपनीने १९४७ मध्ये बांधकाम सुरू केले. घरबांधणीची २७ कामांत विभागणी केली होती आणि प्रत्येक तुकडी एकच काम करत घरामागून घर पुढे सरकायची. मोटारीच्या कारखान्यात माल सरकतो आणि कामगार जागेवर राहतो; इथे घर जागेवर होते आणि कामगार सरकत होते. तळघर नव्हते, जोत्यासाठी सिमेंटचा सपाट थर होता आणि लाकूड आधीच मापात कापून येत असे. १९४९ च्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर. माजी सैनिकाला सुरुवातीला एक डॉलरही भरावा लागत नसे. महिन्याला सुमारे ५८ डॉलरचा हप्ता भरला की झाले. १९५१ पर्यंत लेविटटाउन नावाच्या या वसाहतीत १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

या घरात आत शिरल्यावर बदललेला संसार दिसतो. अंगणात खेळणाऱ्या मुलांवर काम करता करता लक्ष ठेवता यावे, म्हणून स्वयंपाकघर दर्शनी बाजूला घेतले आहे. कपडे धुण्याचे यंत्र घराबरोबरच मिळते, आणि १९५० च्या घरात तर जिन्याच्या भिंतीत टीव्हीही बसवलेला आहे. त्याच वेळी हिरवळ वेळच्या वेळी कापा, कुंपण घालू नका, शनिवार-रविवारी कपडे वाळत टाकू नका, असे नियमही आहेत. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला शोभावेत, असे हे नियम होते!

हप्ता नियमित भरायचा, तर पगारही भरवशाचा हवा. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि वॉल्टर रूथर यांच्या मोटार कामगार संघटनेत पाच वर्षांचा करार झाला. महागाईनुसार वाढणारा भत्ता, दरवर्षी ठरावीक पगारवाढ, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा कामगारांना मिळाला. त्या बदल्यात मधल्या काळात संप न करण्याची हमी कंपनीला मिळाली. इतर मोठ्या उद्योगांनीही हीच वाट धरली. ज्याला पाच वर्षांनंतरचे दिसते, तो माणूस मोटार कर्जाने घ्यायला कचरत नाही.

मोटार तर घ्यावीच लागे, कारण या वसाहतींत दुकान आणि नोकरी दोन्ही चालत जाण्याच्या टप्प्यात नव्हती. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांच्या रस्त्यांचे जाळे मंजूर केले आणि त्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. त्याच वर्षी मिनेसोटातील इडायना येथे संपूर्ण छताखालचे, वातानुकूलित साउथडेल व्यापारी संकुल उघडले. १९५० मध्ये दहांपैकी एका घरातही टीव्ही नव्हता. १९६० पर्यंत तो दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत पोहोचला. तो पाहता पाहता जेवता यावे म्हणून स्वॉन्सन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कप्प्यांच्या ताटात टर्की, मटार आणि रताळे भरून गोठवलेले जेवण विकायला काढले. ताट तसेच ओव्हनमध्ये ठेवायचे, आणि खाऊन झाले की टाकून द्यायचे. युद्धकाळात विमानांच्या कारखान्यांत राबलेल्या स्त्रियांना या घरांतली आदर्श गृहिणी म्हणून जाहिरातींत मिरवले जात होते. प्रत्यक्षात नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांची संख्या याच दशकात वाढत गेली, कारण अनेक घरांचे हप्ते एका पगारात भागत नव्हते.

या सुबत्तेच्या दारावर पहारा होता, आणि तोही सरकारी संमतीचा. लेविटटाउनच्या सुरुवातीच्या करारात, गोऱ्या वंशाखेरीज इतरांना घर वापरू देऊ नये, असे कलमच होते; अपवाद फक्त घरकाम करणाऱ्या नोकरांचा. केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना जोखमीच्या ठरवून तिथल्या कर्जांना विमा, म्हणजे कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी, नाकारत असे. मिसिसिपी राज्यात १९४७ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या हमीची ३,२०० हून अधिक कर्जे दिली गेली, त्यांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला फक्त दोन आली.

ऑगस्ट १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेविटटाउनमध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले. कंपनी त्यांना घर विकत नसल्यामुळे त्यांनी ते आधीच्या गोऱ्या मालकाकडून घेतले होते, आणि कर्ज बँकेकडून नव्हे, तर एका खासगी हितचिंतकाकडून मिळवले होते. घरासमोर रोज रात्री जमाव जमू लागला, खिडक्यांवर दगड आले, राज्याचे पोलीस बोलवावे लागले आणि अखेर न्यायालयाला छळ करणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढावा लागला. त्या घरातला कर्ता पुरुष दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सैन्यातूनच परतलेला होता.