टाकाऊ देवदूत आणि बाटलीचं टोपण

[दृश्य : रस्त्याकडेला कचऱ्याच्या डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर जपानी पाटी. एक हात बाटली आत टाकतो.]

पाण्याची रिकामी बाटली. टोपण जागच्या जागी, लेबलही तसंच. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी ती बाटली तशीच्या तशी डब्यात टाकते आणि मग असं गडगडून हसते, की जणू आत्ताच एखादं शहर जाळून आली आहे. तिचं नाव सातानिचिया कुरुमिझावा मॅकडोवेल. मैत्रिणी तिला सातानिया म्हणतात. ती नरकातून आलेली दैत्यकन्या आहे, पुढे मोठी दैत्य होण्याची तिची महत्त्वाकांक्षा आहे, आणि वर्गीकरण न करता कचरा टाकणं ही तिच्या लेखी भयंकर कामगिरी आहे.

'गॅब्रिएल ड्रॉपआउट' ही मालिका इथे उभी आहे, या टोपणावर.

[दृश्य : तोक्योचा नकाशा. नेरिमा भाग उजळतो.]

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उकामी यांचा. त्यावरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका जपानी दूरचित्रवाणीवर जानेवारी ते मार्च 2017 या काळात आली. भाग 12. स्टुडिओ दोगा कोबो, तोक्योतला, 1973 सालचा. दिग्दर्शन मासाहिको ओता, पटकथेची जबाबदारी ताकाशी आओशिमा, पात्ररेखाटन कात्सुहिरो कुमागाई, संगीत यासुहिरो मिसावा. ओता, आओशिमा आणि मिसावा हे त्रिकूट याआधीही शाळकरी विनोदी मालिकांवर एकत्र बसलेलं होतं. घडी बसलेलं मंडळ आहे हे मालिका बघताना कळतं. कुठलाही विनोद समजावून सांगायला ती थांबत नाही.

गोष्ट दोन ओळींची. स्वर्गातल्या देवदूतांच्या शाळेत पहिली आलेली गॅब्रिएल तेन्मा व्हाइट पुढच्या शिक्षणासाठी पृथ्वीवर येते आणि माणसांच्या शाळेत जाऊ लागते. एका ऑनलाइन गेमचा नाद लागतो, आणि संपलं. खोलीत पायाखाली कचरा, अंगात दिवसरात्र तोच ट्रॅकसूट, केस पिंजारलेले, शाळेला दांड्या. डोक्यावरचं तेजोवलय मात्र अजून आहे. ते नोकरीच्या ओळखपत्रासारखं. काम केलं नाही म्हणून लगेच कुणी काढून घेत नाही.

[दृश्य : काळ्या पडद्यावर दोन जपानी चित्राक्षरं, शेजारी शेजारी. उच्चार ऐकू येतो : दातेन्शी. पुन्हा : दातेन्शी.]

तिचं वर्णन करणारा शब्द आहे 'दातेन्शी', आणि पहिला विनोद त्याच्या लेखनात दडला आहे. नेहमीच्या 'दातेन्शी'चा अर्थ पतित देवदूत. त्यातलं 'दा' हे अक्षर घसरण्याचं, पडण्याचं. गॅब्रिएलसाठी मात्र त्याच उच्चाराचं दुसरंच 'दा' लिहिलं जातं. ते मुळात ओझ्याच्या घोड्याचं अक्षर. पुढे त्याला हलक्या प्रतीचा, टाकाऊ असा अर्थ चिकटला. गल्लीतल्या दुकानातला स्वस्त खाऊ म्हणजे 'दागाशी', फुसकी कोटी म्हणजे 'दाजारे'. दोन्हींत हेच अक्षर. पतित होण्यात निदान काही भव्यता असते, बंड असतं. गॅब्रिएलने बंडही केलेलं नाही. ती फक्त गादीवरून उठत नाही. कानाला शब्द तोच, डोळ्यांना मात्र लायकी दिसते. भाषांतरात ही गंमत सगळ्यात आधी गळते, कारण आपल्या लिपीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहावे लागतात.

बाकीच्या नावांतही असंच काम आहे. 'तेन्मा' ज्या अक्षरांत लिहिलंय ती निरागसतेची. दुसरी देवदूत राफिएल शिराहा एन्सवर्थ. शिराहा म्हणजे पांढरं पीस. गोड आवाज, मंद हसू, आणि छंद एकच : सातानियाचा छळ. कॅथलिक दिनदर्शिकेत मिखाएल, गब्रीएल आणि रफाएल या महादूतांचा सण 29 सप्टेंबरला येतो, त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या प्रेक्षकाला ही नावं घरचीच. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या शंभरात साधारण एक. तिथे ही नावं श्रद्धेपेक्षा कथा-खेळांमधून जास्त ओळखीची, म्हणून लेखकाला त्यांच्याशी खेळताना हात आखडावा लागत नाही. तरी एक जुळणी मजेशीर आहे. कॅथलिक बायबलमधल्या तोबीतच्या ग्रंथात रफाएल तरुण तोबियासबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा एक कुत्राही त्यांच्यासोबत चालू लागतो. इथे सातानियाच्या मागे दोनच जीव हात धुऊन लागले आहेत, राफिएल आणि एक पांढरा कुत्रा. ठरवून केलं असेल किंवा योगायोग असेल. बसलंय मात्र छान.

[दृश्य : टेबलावर वही, पेन, काही नाणी.]

आता जमाखर्च. घर सोडून शिकणाऱ्या जपानी मुलांना आईवडील दरमहा पैसे पाठवतात, त्याला 'शिओकुरी' म्हणतात. इथल्या देवदूतांना ते स्वर्गाकडून येतात, दैत्यांना नरकाकडून, आणि रक्कम कामगिरीवर ठरते. देवदूताने पुण्य करावं, दैत्याने पाप. गॅब्रिएल काहीच करत नाही म्हणून तिचे पैसे कापले जातात, आणि गेमचा खर्च तर चालू. शेवटी तिला एका कॉफीच्या दुकानात अर्धवेळ काम धरावं लागतं, तेही ती जमेल तितकं वाईट करते.

खरी पंचाईत विनेची. विनेट त्सुकिनोसे एप्रिल ही दैत्यकन्या, पण स्वभावाने चौघींत सगळ्यात चांगली. गॅब्रिएलची खोली तीच आवरते, तिला शाळेत तीच ओढून नेते, सणवार तिलाच आवडतात. परिणामी नरकाच्या हिशेबात तिची कामगिरी शून्य, आणि तिलाही पैसे कमी. म्हणजे आळशी देवदूत आणि कष्टाळू दैत्य, दोघींच्या खिशाला एकाच नियमाने भोक. देवदूत वाईट आणि दैत्य चांगली, एवढी उलटापालट कुणीही सुचवेल, आणि ती दहा मिनिटांत शिळी होते. पगाराचा नियम आला की मात्र प्रत्येक चांगुलपणाला किंमत लागते. विने वाईट वागायचा प्रयत्न करते तेव्हा तिला ते महिनाअखेरीसाठी करायचं असतं, आणि तरी जमत नाही. मालिकेतला सगळ्यात टिकाऊ विनोद हाच, असं आमचं मत.

[दृश्य : बाटलीचे तीन भाग सुटे होतात : शरीर, टोपण, लेबल.]

आणि सातानियाची बाटली. ती समजायला जपानमधला कचरा समजायला हवा. वेष्टनांच्या पुनर्वापराचा कायदा तिथे 1995 मध्ये झाला, पेट (PET) या प्लास्टिकच्या बाटल्यांना तो 1997 पासून लागू झाला. घरातली सर्वसाधारण पद्धत अशी : टोपण काढा, लेबल सोला, आतून पाण्याने विसळा, चेपा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी ठेवा. कारण साधं आहे. बाटलीचं शरीर पेटचं, टोपण पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं. पेट पाण्यात बुडतं, टोपणाचं प्लास्टिक तरंगतं, त्यामुळे कारखान्यात चुरा करून त्यांना वेगळं करता येतं. पण टोपण घट्ट लावलेली बाटली चेपत नाही, आत हवा आणि उरलेलं पेय अडकून राहतं, गठ्ठे नीट बांधले जात नाहीत, आणि कुणाला तरी ते हाताने उघडत बसावं लागतं. म्हणजे सातानियाने खरोखरच कुणाला तरी त्रास दिलेला आहे. फक्त तो त्रास दहा सेकंदांचा आहे.

[दृश्य : ओट्यावर पिठाचे गोळे. वरून थंड, चपटी पारी.]

तिचा दुसरा घात मेलनपावाने होतो. या पावात मूळच्या कृतीप्रमाणे खरबूज नसतं. वरच्या कडक पापुद्र्यावर चौकटीच्या रेघा असतात, त्या जाळीदार खरबुजासारख्या दिसतात म्हणून ते नाव, असं सहसा सांगतात. आत मऊ पाव, बाहेर नानकटाईच्या जवळ जाणारा थर. घरी 8 नग करायचे तर पावासाठी मैदा 200 ग्रॅम, दूध 130 मिलिलिटर, साखर आणि लोणी प्रत्येकी 20 ग्रॅम, कोरडं यीस्ट 3 ग्रॅम, मीठ 3 ग्रॅम. वरच्या थरासाठी मैदा 140 ग्रॅम, लोणी 50, साखर 60 आणि एक अंडं. पावाचं पीठ एकदा फुगवून घ्या, 8 गोळे करा. थराचं पीठ फ्रिजमध्ये थंड करून गोळ्यावर पारी बसवा. बूड मोकळं सोडा. वर साखर भुरभुरा, रेघा ओढा, पुन्हा फुगू द्या आणि 170 ते 180 अंशांवर 13 ते 15 मिनिटं भाजा.

बिघडतं ते बहुतेक दुसऱ्या फुगवणीत. साधा पाव लवकर फुगावा म्हणून बरेच जण 38–40 अंशांची ऊब देतात. इथे ती दिली की थरातलं लोणी वितळून गळतं आणि पापुद्रा तेलकट होतो. 30 अंशांच्या आसपास थांबा, वेळ जास्त द्या. फुगवण अर्धवट राहिली तर पाव भट्टीत एकदम उसळतो आणि थर वेडावाकडा फाटतो. रेघ उथळ असेल तर भाजताना पुसली जाते. आणि कुरकुरीतपणा हवा असेल तर त्याच दिवशी खा, कारण आतला ओलावा रात्रीतून वर चढतो.

सातानियाच्या वाट्याला हे ज्ञान येत नाही. ती पुडा उघडते, आणि पांढरा कुत्रा पाव घेऊन पळतो.

[दृश्य : उभ्या रकान्यांचा कागद. पेन्सिलीने आकडे.]

हा पाव पळवणं पडद्यावर कसं बसवतात ते बघण्यासारखं आहे. जपानी ॲनिमे सेकंदाला 24 फ्रेमवर चालतं, पण दर फ्रेमला नवं चित्र नसतं. साधारण हालचाल एक चित्र तीन फ्रेम धरून करतात, म्हणजे सेकंदाला 8 चित्रं. झटका हवा तिथे दोन फ्रेमला एक, क्वचित प्रत्येक फ्रेमला एक. सुमारे 24 मिनिटांच्या भागात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिट खातं. उरलेल्या 21 मिनिटांत साधारण 300 कट (सलग दिसणारे तुकडे) आणि काही हजार चित्रं. चित्रांचा हात आखडता असल्यामुळे विनोदी मालिका स्थिर चेहऱ्यावर जास्त भरवसा ठेवते. कुत्रा गेला, सातानियाचा हात अजून तोंडाजवळ, डोळे उघडे, काहीच हलत नाही. खर्च एका चित्राचा, हशा पूर्ण.

हा स्थिर क्षण किती लांब? ते स्टोरीबोर्डवरच, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या चित्र-आराखड्यावरच, लिहिलेलं असतं, सेकंद अधिक फ्रेम या रूपात. '2+12' म्हणजे दोन सेकंद आणि बारा फ्रेम, अडीच सेकंद. पुढे टाइमशीट बनतं, म्हणजे कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं याचा तक्ता. नेहमीच्या एका पानावर 6 सेकंद, म्हणजे 144 फ्रेम मावतात. जपानी विनोदवाले या रिकाम्या जागेला 'मा' म्हणतात. 'मा' बारा फ्रेमने कमी पडला तर प्रेक्षकाला काय झालं ते कळायच्या आत पुढचा संवाद येतो. बारा फ्रेमने जास्त झाला तर विनोदाची वाट बघितली जाते, आणि वाट बघितलेला विनोद मरतो. जपानी जोडीच्या विनोदात एक जण मूर्खपणा करतो, तो 'बोके'. दुसरा तो पकडून फटकारतो, तो 'त्सुक्कोमी'. इथे विने बहुतेक वेळा फटकारणारी. राफिएल पकडतही नाही, ती आगीत तेल ओतते. त्यामुळे तिच्या कटांना जास्त 'मा' परवडतो.

[दृश्य : ध्वनिमुद्रणाची खोली. पडद्यावर अर्धवट रेखाटनं.]

आवाज देताना चित्रं बऱ्याचदा पूर्ण नसतात. पडद्यावर पेन्सिलीच्या रेषा धावतात, आणि कुणी कधी बोलायचं हे पात्राच्या नावाची पट्टी दाखवते. पट्टी दिसेल तेवढाच वेळ. गॅब्रिएलचा आवाज मियु तोमिता, विनेचा साओरी ओनिशी, सातानियाचा नाओमी ओझोरा, राफिएलचा काना हानाझावा. सुरुवातीचं गाणंही याच चौघींनी गायलं आहे.

आता त्या कागदावर एक नमुना मांडून बघू. सातानियाचं हसू, 3+0. पुडा उघडते, 1+12. कुत्र्याची झेप, 0+10, प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. रिकामा हात, 2+12, चित्र एक. आणि मग दूर पाठमोरा कुत्रा, तोंडात मेलनपाव, मागे राफिएल टाळ्या वाजवतेय, 1+6.