दगडावरची आई

हा दगड नीट बघा. बव्हेरियातला चुनखडीचा. वाळू आणि पाणी टाकून एक दगड दुसऱ्यावर गोल गोल घासला, की आधीचं चित्र जातं आणि पाटी कोरी होते. मग तेलकट खडूनं रेखाटायचं. त्यावर डिंक, त्यात थेंबभर आम्ल. आता स्पंजानं दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई चिकटत नाही, तेलकट रेघ तेवढी ती उचलते. कागद ठेवा. दाबा. अलगद सोडवा. आणि पुन्हा तेच.

जर्मन चित्रकार केटे कोल्विट्झला हे ‘पुन्हा’ हवं होतं. तैलचित्र एकाच भिंतीवर लागतं. छापाच्या प्रती कितीतरी घरांत जातात.

जन्म १८६७, क्योनिग्सबर्गचा. १८९१ मध्ये डॉक्टर कार्ल कोल्विट्झशी लग्न झालं आणि ती बर्लिनच्या कामगार वस्तीत आली. नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे हे हात पाहा. हाडं मोजून घ्यावीत.

ही तिची चित्रमालिका, ‘विणकरांचा उठाव’. सहा चित्रं: तीन दगडावरून, तीन धातूच्या पत्र्यावरून. १८९८ मध्ये परीक्षकांनी पदकासाठी नाव सुचवलं, कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, नकार दिला. (बरंच झालं म्हणायचं, चित्रांची चर्चा वाढली.)

१९१४. धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा. युद्धावर जायला वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील तयार होईनात. त्यांना राजी केलं ते आईनं. ऑक्टोबरात बेल्जियममध्ये तो मारला गेला.

हे तिथल्याच व्लाड्स्लोचं सैनिकी कब्रस्तान. ग्रॅनाइटचे दोन पुतळे, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. बापानं स्वतःलाच हातांनी आवळून धरलंय. आई वाकलीय. चेहरे कार्लचा आणि तिचा. समोरच्या फरशीवर इतर नावांत पेटरचं नाव आहे. हे घडवायला तिला १९३२ उजाडलं.

१९१९ मध्ये प्रशियन कला अकादमीवर निवडून आलेली ती विसाव्या शतकातली पहिली स्त्री. १९३३ मध्ये नाझींनी तिला बाहेर काढलं.

आणि हा तिचा शेवटचा दगडी छाप. ‘बियाणं दळायचं नसतं.’ आईच्या हातांखाली तीन पोरं, एक तर बाहेर डोकावतोय. हे चित्र पुरं झालं आणि १९४२ च्या सप्टेंबरात तिचा नातू रशियात लढताना मारला गेला. काकाचंच नाव ठेवलं होतं त्याला, पेटर.