कोणाचा आवाज कोणाला जात नाही?

नमस्कार श्रोतेहो. मी गाड्यांचं वायरिंग आणि स्टिरिओचं काम करतो, आणि आमच्याकडे गाडी आली की तक्रार बहुतेक एकच असते, "ब्लूटूथ बिघडलंय". आता एवढ्यावरून काहीच कळत नाही हो, म्हणून मी आधी विचारतो, गाडीतून फोनवर बोलताना कोणाचा आवाज कोणाला जात नाही? तुम्हाला समोरच्याचा येत नाही, की समोरच्याला तुमचा जात नाही? यावरच अर्धं निदान होतं.

म्हणजे बघा, फोन खिशात असतो, नेटवर्कशी बोलणं त्याचंच चालू असतं, गाडीचा स्टिरिओ फक्त त्याचा कान आणि तोंड बनतो. समोरच्याचा आवाज फोनमधून ब्लूटूथने स्टिरिओत आणि तिथून दारातल्या स्पीकरला, आणि तुमचा आवाज छताच्या लाइटजवळच्या किंवा स्टिअरिंगजवळच्या बारक्या माइकमधून उलट वाटेने परत. गाण्यांची वाट मात्र वेगळी असते, आणि लोकांचा घोळ इथेच होतो. गाणी वाजतात पण कॉल गाडीत येत नाही असं असेल तर आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर जाऊन बघा, कॉलचं बटण वेगळं असतं, ते बंद असेल. कॉन्टॅक्ट दिसत नसतील तर त्याची परवानगी पण तिथेच.

कोणी म्हणतं गाणी झकास वाजतात मग फोनवरचा आवाज डबड्यातून आल्यासारखा का. तर गाण्याचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा मोजतात, आणि जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ कॉलला फक्त 8,000, नव्या पद्धतीत 16,000. म्हणजे तो बिघाड नाहीच, त्यासाठी स्पीकर बदलू नका.

आता माइक. मागे एक गाडी आली होती, समोरच्याला एक शब्द जात नव्हता, दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना आख्खा स्टिरिओ बदलायला सांगितलेला. मी विचारलं, अलीकडे गाडीत काय काम केलं? तर म्हणाले छताचं कापड धुवायला काढलं होतं. छताचा लाइट खाली घेतला तर माइकचं कनेक्टर नुसतं लोंबकळत होतं, परत लावायचंच राहिलेलं! दाबून बसवलं, तिथूनच घरी फोन लावला, झालं काम. मला खरंच वाईट वाटतं अशा वेळी, माणसाचे हजारो रुपये उगाच जायची वेळ येते, फक्त कोणी नीट विचारलं नाही म्हणून.

कनेक्टर लागलेलं असेल तर ते काढून, स्टिरिओ चालू ठेवून, कॉल लावून गाडीकडच्या दोन पिनांवर मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, लावायचा. या माइकना चालायला थोडा डीसी करंट लागतो, तो स्टिरिओच देतो, व्होल्टचा आकडा गाडीप्रमाणे बदलतो. व्होल्ट येतायत आणि तरी आवाज जात नाही तर बहुतेक माइक गेला, तो स्वस्तात बदलतो. काहीच येत नाही तर मग वायर तपासायची आणि सगळ्यात शेवटी स्टिरिओ.

समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, ही तक्रार पण फार असते, आणि लोक समोरच्याच्या फोनला दोष देतात. खरं तर तो घुमणारा आवाज तुमच्या गाडीतनं जात असतो. त्याचा आवाज स्पीकरमधून निघतो, माइकमध्ये शिरतो, तो ओळखून वजा करायचं काम स्टिरिओतली चिप करते, पण व्हॉल्यूम फार असला किंवा बाहेरून लावलेला माइक स्पीकरजवळ चिकटवला असला की तिला ते जमत नाही. व्हॉल्यूम कमी करून बघा, माइक वर सरकवा. आणि एसीची हवा थेट माइकवर येत असेल तर समोरच्याला नुसती घरघर ऐकू येते, ते पण बघा.

जुन्या महागड्या गाड्यांचं वेगळंच. 2001 साली आलेल्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून पुढे कितीतरी गाड्यांत रेडिओ, फोन, नॅव्हिगेशन हे सगळे डबे प्रकाशाच्या तारेने, म्हणजे विजेऐवजी प्रकाश वाहणाऱ्या तारेने, गोल साखळीत जोडलेले असतात, त्यातला फोनचा डबा मेला की साखळी तुटते आणि रेडिओपण गप्प, आणि माणूस रेडिओ खोलत बसतो. तो डबा बाजूला काढून तारेची दोन टोकं एकमेकांना जोडली की बाकीचं परत चालू होतं.

फोनला अपडेट आला आणि गाडी जोडलीच जात नाही असं झालं तर गाडीचं नाव फोनमधून काढा आणि फोनचं नाव गाडीतूनही काढा, दोन्हीकडून बरं का. जोडताना बनलेली गुप्त आकड्यांची किल्ली दोघांकडे साठवलेली असते, एकाकडची गेली की दुसरा ओळखच देत नाही.

हे सगळं गाडी बाजूला उभी करून करा, 2019 पासून गाडी चालवताना फोन हातात धरणं कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. आणि गॅरेजला येताना नेहमीचाच फोन घेऊन या, घरातल्या कोणाचा तरी दुसरा पण आणा, दुसऱ्या फोनवर सगळं नीट चाललं तर गाडी खोलायचीच गरज नाही. नमस्कार.