तीन गिअरवरून पाच गिअरवर

साताऱ्यात गोडोलीतील एका घराच्या अंगणात उभी असलेली ही जुनी मारुती झेन ऑटोमॅटिक आहे. 993 सीसीच्या लहान इंजिनाला तीनच गिअर मिळाल्याने यवतेश्वरचा घाट चढताना ते एका गिअरमध्ये ओरडते आणि पुढच्या गिअरमध्ये दमते. त्यातच गिअरबॉक्स घसरू लागला, तेव्हा मालकांनी तो दुरुस्त करण्याऐवजी गाडी मॅन्युअल, म्हणजे हाताने बदलायच्या पाच गिअरची, करण्याचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी भंगारात निघालेली अख्खी मॅन्युअल झेन मिळवली, आणि ते शहाणपणाचेच झाले. कारण गिअरबॉक्स सुटा सहज मिळतो, पण पेडलचा सांगाडा, क्लच केबल, गिअरचा दांडा आणि एक्सल एकेक करून शोधताना माणूस मेटाकुटीला येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, म्हणून आरटीओत आधीच चौकशी केलेली बरी.

गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर घेतली जाते आणि इंजिनाला वरून आधार देऊन जुना बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरसह (ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असलेला, तेलाने भरलेला भाग) उतरवला जातो. क्रँकवरची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरची, पातळ चकती निघते आणि तिच्या जागी फ्लायव्हील हे जड चाक बसते. त्याचे बोल्ट मॅन्युअल गाडीचेच हवेत, कारण जाडी बदलली की लांबीही बदलते. क्लचप्लेट नेमकी मध्यावर बसली नाही, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यात शिरतच नाही, आणि मग दोघांनी कितीही जोर लावला तरी तो बॉक्स हातावर तोलत राहावा लागतो. तेल थंड करणाऱ्या नळ्या काढल्यावर त्यांची तोंडे बंद केली जातात.

एवढे करूनही चावी फिरवल्यावर स्टार्टर गप्प राहतो, तो बिघाड नव्हे. ऑटोमॅटिक गाडीत स्टार्टरचा प्रवाह गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून जातो आणि गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असली तरच पुढे पोहोचतो. तो स्विचच आता उतरला आहे. त्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना नुसत्या जोडल्या तर गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरून ती पुढे उडी घेईल. म्हणून त्या क्लच पेडलवरच्या स्विचला जोडणे अधिक सुरक्षित. गाडी मागे घेताना लागणाऱ्या दिव्याच्या ताराही याच वेळी नव्या बॉक्सच्या रिव्हर्स स्विचकडे वळवल्या जातात.

शेवटी गिअर ऑइल भरून क्लच पेडलला थोडी मोकळी चाल ठेवली जाते. नवी प्लेट नीट बसेपर्यंत चढावर गाडी अर्ध्या क्लचवर न धरता हँडब्रेकवर धरावी.