चटईवरची पहाट

(दृश्य: गोव्यातला वागातोरचा डोंगर. उजाडायला अजून वेळ आहे. खाली समुद्राची गाज.)

इथे, या माडाच्या बुंध्याशी, माझी आई बसायची. खाली चटई, चटईवर कंदील, बाजूला रॉकेलचा स्टोव्ह. चहा, ऑम्लेट-पाव, उकडलेली अंडी. हणजूण-वागातोरला रात्रभर नाचायची पार्टी असली की अशा कितीतरी चटया ओळीने पडत. परदेशी पाहुणे या बायकांना ‘चाय-मामा’ म्हणत. मी दहा-अकरा वर्षांचा, ग्लास धुवायला सोबत.

फलक नसायचा, तिकीट नसायचं. दुपारी शापोऱ्यात कुणाच्या तरी तोंडून कळायचं, आज पार्टी बांबू फॉरेस्टला, नाहीतर डिस्को व्हॅलीत. लगेच आई जास्तीच्या दुधाचा निरोप धाडायची. पौर्णिमा, नाताळ आणि वर्षाची शेवटची रात्र या तर ठरलेल्याच.

(दृश्य: जुन्या कॅसेटी, हाताने लिहिलेली लेबलं.)

जगाने या पार्ट्यांच्या संगीताला ‘गोवा ट्रान्स’ म्हटलं ते 1990 नंतर. पाळंमुळं आधीची. 1970 च्या आसपास कॅलिफोर्नियाहून गिल्बर्ट लेव्ही आला, पुढे तो ‘गोवा गिल’ म्हणूनच ओळखला गेला. तेव्हा या किनाऱ्यावर गिटारी वाजत. 1980 नंतर युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या टेप येऊ लागल्या आणि इथल्या डीजेंनी त्यातले शब्द कापून टाकले. उरला ठेका आणि सुरांची वळणं. रात्रभर नाचणाऱ्याला शब्द नको होते.

तबकड्या इथल्या उन्हात वाकायच्या. म्हणून कॅसेट, आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. पण डॅटवर दोन ट्रॅकचा वेग जुळवता येत नसे. मग एकाचा ठेका थांबला की त्याचे विरत जाणारे सूर दुसऱ्याच्या बिनठेक्याच्या सुरुवातीत सोडून द्यायचे. त्या काळच्या ट्रॅकना लांबलचक सुरुवात आणि लांबलचक शेवट का, याचं एक उत्तर त्या यंत्रात आहे. गोव्याच्या उन्हाने त्या संगीताची ठेवणच घडवली, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मी फक्त ग्लास धूत होतो.

मध्यरात्रीचं संगीत जड, काळोखं. तांबडं फुटू लागलं की तेच हळूहळू मोकळं, सुरेल होत जाई. आम्हाला यात नवल नव्हतं. पेडण्याचा दशावतार असाच रात्र जागवतो, आणि भैरवी शेवटीच येते. रात्री नऊला भैरवी कोण म्हणेल?

(दृश्य: रिकामी दरी. वाऱ्याने हलणारे बांबू.)

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. गावातल्या म्हाताऱ्यांना झोप नव्हती, परीक्षेला बसलेली मुलं कानात कापूस घालत होती. त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि आमच्या घरातही ते बोललं जाई. तरी दहाच्या नियमाने त्या संगीताची पहाटच गेली. पुढचं सगळं पहाटेसाठी रचलेलं, आणि पहाटच नाही.

मग 2007 च्या डिसेंबरात कांदोळीला सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला. मोठा मंच, तिकीट, कुंपण. हजारो तरुण आले, खूश होऊन गेले. 2016 मध्ये तो पुण्याला गेला, पुढे परतलाही. माझी त्याच्यावर रागाची गोष्ट नाही. पण त्या कुंपणाच्या आत आईची चटई नव्हती.

गोवा गिल 2023 च्या ऑक्टोबरात गेला. बातमी मी आईला वाचून दाखवली. तिला नाव आठवेना. फोटो दाखवला, तशी लांब जटांवरून ओळख पटली.

(दृश्य: घराची ओसरी. सकाळचे साडेपाच.)

आई आता सत्तरीची आहे. या चित्रीकरणासाठी मी तिला त्या काळचे दोन ट्रॅक ऐकवले, कुठला कधीचा ते न सांगता. पहिला ऐकून ती नुसती बसून राहिली. दुसऱ्याचा ठेका थांबला, सूर तेवढे लांबत राहिले, आणि तिने मान वर केली.

“हे उजाडतानाचं,” ती म्हणाली. “हे लागलं की मी कंदील विझवायची. दूध संपत आलेलं असायचं.”