क्रूझवर डिनर फिक्स घ्यायचं की फ्लेक्सिबल? आधी घरातली भुकेची वेळ बघा

नमस्कार मंडळी! बाल्कनीवाली केबिन घ्यायची की साधी यावर आपल्या घरात चार दिवस चर्चा चालते, आणि मग पैसे भरायच्या आधी एक बारकासा प्रश्न येतो, डिनर फिक्स टाइमला हवं का फ्लेक्सिबल, आणि तिथे आपण पटकन काहीतरी टिक करून पुढे जातो. आज फक्त त्या एका टिकबद्दल बोलायचंय, कारण घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर पूर्ण ट्रिपची संध्याकाळ त्यावर ठरते.

सिस्टीम काय असते बघा. मोठ्या जहाजावर एक मेन डायनिंग रूम असते, टेबलावर बसायचं, वेटर मेन्यू देतो, स्टार्टरपासून डेझर्टपर्यंत निवांत दीडेक तास जातो आणि हे जेवण तिकिटातच धरलेलं असतं. फिक्स म्हणजे आपल्या लग्नातल्या पंगतीच समजा. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-सव्वाआठला, रोज तीच वेळ, तेच टेबल, तेच वेटर. फ्लेक्सिबल म्हणजे संध्याकाळभरात केव्हाही जा नाहीतर क्रूझ कंपनीच्या ॲपवर वेळ बुक करा, टेबल मिळेल ते आणि वेटर असेल तो. रॉयल कॅरिबियनवाले याला माय टाइम डायनिंग म्हणतात. नॉर्वेजियनने तर २००० सालापासून फ्रीस्टाईल म्हणून पंगतीची पद्धतच काढून टाकली. डिस्नेचं वेगळंच आहे, तिथे वेळ फिक्स, रेस्टॉरंट रोज बदलतं, पण तुमचे वेटर तुमच्याबरोबर फिरतात, मला ती आयडिया फार आवडते.

आता मुद्द्याचं. परदेशी लोक याबद्दल सांगतात तेव्हा ते सांगतात की मुलं असतील तर लवकरची पंगत घ्या. आपण मुंबईकर तसंच्या तसं उचलतो आणि फसतो, कारण आपण जहाजावर चढतो तेव्हा पोट अजून मुंबईच्याच घड्याळावर असतं.

आमचंच सांगते. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, आम्ही आठ जण, सासूसासरे, आम्ही दोघं, आणि ननंद, तिचे मिस्टर, त्यांची दोन मुलं. सासरे चौऱ्याहत्तरचे, डायबेटिस आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात, घरी साडेसात म्हणजे साडेसात. मी विचार केला लवकरची पंगत बरी त्यांना, पावणेसहाची घेतली. आता सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे तिथले पावणेसहा म्हणजे दादरला सव्वातीन! दीड-दोनला जहाजावर चढल्या चढल्या बुफेमध्ये सगळे पोटभर जेवले होते, आणि पावणेसहाला पुढ्यात सूप आलं तर कोणालाच भूक नाही. सासऱ्यांनी चार घास खाल्ले आणि मला विचारलं, "मी इंजेक्शन घेऊ का नको घेऊ?" तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा आला हो. रात्री दहाला त्यांना खरी भूक लागली, कारण तेव्हा घरी साडेसात वाजले होते. (इन्सुलिन असेल तर टाइम झोनचं काय करायचं हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, हे मी व्हिडिओत सांगण्यासारखं नाही.)

त्याच रात्री हेड वेटरला भेटून आम्ही सव्वाआठच्या पंगतीत बदलून घेतलं. घरचे पावणेसहा, म्हणजे अजूनही थोडं लवकरच, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर सरकतं आणि ती वेळ बसली. म्हणून सिंगापूरकडे जात असाल तर माझं स्पष्ट मत आहे, उशिराची पंगत घ्या. मुलांना सहाला बुफेमध्ये काहीतरी खायला घाला, ते पण तिकिटातच असतं.

आता फिक्स का, फ्लेक्सिबल का नाही? ते सासूबाईंमुळे कळलं. कार्तिकी एकादशी व्हायची होती, त्यांचा चातुर्मास चालू, कांदेनवमीपासून कांदा-लसूण बंद. नव्या टेबलावर पहिल्या दिवशी वेटरला समजवायला दहा मिनिटं गेली. तो निघाला गोव्याचा, मडगावकडचा, शांतपणे सगळं ऐकलं, हेड वेटरला बोलावून आणलं आणि उद्याची ऑर्डर आजच घेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही बसतोय तोवर एक झाकण ठेवलेला बाउल थेट सासूबाईंसमोर आला. त्यांनी झाकण उचललं, आधी वास घेतला, मग चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन चाखलं. पिवळं वरण, जिरं-हिंगाची फोडणी, बाजूला भात आणि न मागता वाटीभर दही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त सगळं वरण भातावर ओतलं. मग रोज निघताना तो विचारायचा, "आजी, उद्या काय?" आणि सासूबाई दुपारपासून ठरवून ठेवायच्या काय सांगायचं ते. हे तोच वेटर रोज असतो म्हणून होतं.

ननंदेचं बुकिंग वेगळं होतं, ते फ्लेक्सिबलवर. तिलाही कांदा-लसूण नको होतं, आणि तिला रोज नवीन वेटरला पहिल्यापासून सांगावं लागलं, कारण बुकिंगवर नोंद असली तरी समोरच्या माणसाला ते रोज आठवण करून द्यावंच लागतं. साडेसातला गर्दीत टेबलासाठी थांबावं लागलं ते वेगळं. पण खरं सांगायचं तर तिची मुलं कॉलेजातली, पूलमधून मनाला येईल तेव्हा बाहेर यायची, कधी सातला जेवायची कधी नऊला, ती चौघं मजेत होती. आई-वडील आणि मोठी मुलं एवढेच असाल तर फ्लेक्सिबलच घ्या.

आणि एक गोष्ट जी आम्हाला एजंटने सांगितलीच नाही, एकत्र एका टेबलावर बसायचं असेल तर वेगवेगळी बुकिंग एकमेकांना लिंक करून घ्यावी लागतात आणि सगळ्यांची डिनरची वेळ एकच हवी. आम्ही आठ जण एका जहाजावर आणि रात्रीचं जेवण पहिल्यांदा एकत्र झालं ते शेवटच्या रात्री, बुफेमध्ये. मला अजून वाईट वाटतं त्याचं. सासऱ्यांची एवढी हौस होती सगळ्यांनी एका टेबलावर बसायची.

युरोपची गोष्ट उलटी आहे, आणि जरा अवघड पण. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकडचे देश, स्पेन, इटली वगैरे, आपल्या साडेतीन तास मागे असतात, म्हणजे तिथल्या सहाला घरी साडेनऊ. पोटाचं ऐकलं तर पहिली पंगत एकदम बरोबर. पण तिथे जवळजवळ रोज एक बंदर असतं. रोम बघायला जहाज रोमला लागतच नाही, चिविताव्हेकियाला लागतं, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. कोलोसियमच्या उन्हात दिवसभर चालून, ट्रेन पकडून, जहाजावर परत यायलाच पाच-सहा वाजतात, मग अंघोळ, कपडे बदलणं, मुलं पेंगुळलेली, सहाची पंगत गाठणार कशी? आणि आठपर्यंत मुलं झोपून जातात. म्हणून तिथे मी फ्लेक्सिबल म्हणेन, ॲपवर पावणेसात-सातची वेळ आधीच धरून ठेवायची. फक्त खाण्याचं पथ्य असेल तर दारात टेबल देणाऱ्या होस्टला सांगून बघा, शक्य असेल तर रोज त्याच वेटरकडे टेबल देतात.

मुंबईहूनच जाणार असाल, बॅलार्ड पिअरवरून गोवा किंवा लक्षद्वीप, तर घड्याळाचा घोळच नाही. घरी नऊला जेवता तर नऊच्या जवळची वेळ बघा, बस.

थिएटरचा शो पण बघून घ्या हं. फिक्स पंगती असतात त्या जहाजावर संध्याकाळी बहुतेक दोन शो ठेवतात, लवकर जेवणारे नंतरचा शो बघतात, उशिरा जेवणारे आधीचा. आजी-आजोबांना रात्री जागवत नसेल तर आधीचा शो आणि मग जेवण, हे आम्हाला फार सोयीचं पडलं.

हवी ती पंगत बुकिंगच्या वेळी फुल्ल दिसली तर वेटलिस्टला नाव टाका आणि चढलात की त्याच दुपारी डायनिंग रूमबाहेर हेड वेटरला भेटा, बुफेच्या आधी, कारण सगळेच बदलायला येतात. आणि चढल्यावर पहिल्यांदा विचारा, जहाजाचं घड्याळ काय आहे. फोन ऑटोमॅटिकवर असेल तर जवळच्या देशाची वेळ पकडतो, जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. आम्ही आजोबांच्या मनगटावरचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं आणि चारही दिवस सगळे त्यांनाच वेळ विचारत होते.